बिनबियांची बाग

मामांची बाग निफाडच्या अलीकडे, कादवेच्या अंगाला. फेब्रुवारी सरत आला होता, मण्यांत साखर उतरली होती आणि व्यापारी रोज येऊन एखादा घड उचलायचा, उन्हाकडे धरायचा आणि तोंड वाकडं करून निघून जायचा. मी तिथे मदतीला गेले होते असं म्हणणं धाडसाचं होईल. मी द्राक्षं खायला गेले होते. दुपारी मांडवाखाली अँगलला टेकून फोनवर एका पक्ष्याचा फोटो मोठा करून बघत होते, तर मामा मागे येऊन उभे. "हे काय गं, टर्की का?" टर्की नव्हता. लांडोरीपेक्षा थोडा लहान, काळाभोर, छाती पांढरी आणि तिच्यावर बारीक रेघा, पाय लाल, आणि डोक्याच्या मधोमध सरळ वर उभं लालभडक शिंग, कुणीतरी मिरची उलटी रोवून ठेवावी तसं. मी सांगितलं, हा हॉर्न्ड ग्वान. मेक्सिकोचं दक्षिण टोक आणि शेजारचं ग्वाटेमाला, तिथल्या ढगांत बुडालेल्या डोंगरांवर राहतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही. प्रौढ पक्षी सगळे मिळून हजार ते अडीच हजार उरलेत. मामांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर नेला, बराच वेळ बघितलं. आवडला त्यांना, ते दिसत होतं. मग विचारलं, "खातो काय पण हा?" म्हटलं, "फळं." "हां," फोन परत देत मामा म्हणाले, "मग तिकडंच बरा आहे तो."

आम्ही सगळेच हसलो. मामी तर पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. पण संध्याकाळी परत निघाल्यावर, चांदोरी मागे पडली, शेजारच्या सीटवर ठेवलेल्या द्राक्षांच्या क्रेटचा वास गाडीभर झाला आणि ते वाक्य काही जाईना. कुणी मूर्खासारखं बोललं की बरं असतं, आपण मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळे होतो. मामा मूर्खासारखं बोलले नव्हते.

द्राक्षाच्या घडाला चोच लागणं म्हणजे काय, हे ज्यांनी बागेवर कर्ज काढलंय त्यांना विचारावं. पक्षी घड खात नाही. तो एका मण्याला चोच मारतो, गोड लागला तरी तो सोडून दुसऱ्याला मारतो. फुटलेल्या मण्यातला रस खालच्या मण्यांवर ओघळतो, त्यावर माश्या येतात, मग बुरशी, आणि चार दिवसांत निर्यातीचा घड खेड्याच्या बाजारालाही लाजतो. बुलबुल, साळुंक्या, पोपट हे तर घरचेच. त्यात थंडीत भोरड्या येतात, मध्य आशियातून, थव्याने. संध्याकाळी आकाशात त्यांचा काळा पट्टा वळतो, उलगडतो, पुन्हा गोळा होतो. गंगापूर धरणावर उभं राहून तो बघताना माझ्या अंगावर काटा येतो आणि मामांच्याही येतो, कारणं वेगळी. म्हणून मग चमकी पट्ट्या, फटाके, पत्र्याचे डबे, राखणीला बसवलेलं पोरगं, आणि आता गेल्या काही वर्षांपासून जाळी. एकरी खर्च ऐकून मी विषय बदलला होता.

त्याच दुपारी जाळीत एक बुलबुल अडकला. मामांनीच सोडवला. हे जवळून बघण्यासारखं होतं. एका हाताच्या मुठीत पक्षी, डोकं तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, आणि दुसऱ्या हातात विरळणीची बारीक टोकाची कात्री, जिने घडातले नको ते मणी काढतात. नायलॉनचा धागा पंखाच्या मुळाशी तीन पदरी आवळला होता आणि पायाच्या नखातही गुंतला होता. मामा एकेक पदर नखाने उचलायचे, कात्रीचं टोक आत सारायचे, कट्. बुलबुल ओरडत नव्हता, चोच उघडी ठेवून नुसता धापा टाकत होता. शेपटीखालचा लाल ठिपका मामांच्या करंगळीवर थरथरत होता. शेवटचा धागा तुटला तसा त्याने मामांच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला, मामांनी त्याच्या खानदानाचा उद्धार केला आणि मूठ उघडली. जाताजाता तो बाहीवर घाण करून गेला. मामा जाळीचं भोक बघायला गेले. दोनशे रुपयांची जाळी कापली गेली म्हणून पुन्हा एक शिवी. मला त्यांच्याबद्दल काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. जाळी लावणारा आणि धागा कापणारा हात एकच होता, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं.

मी मात्र बाहीवरची घाण बघत होते. पांढऱ्या कापडावर पातळ ओला डाग, आणि त्यात बारीक बारीक पिवळट दाणे. उंबराच्या फळातल्या बिया. विहिरीवरच्या उंबरावर सकाळी न्याहारी करून स्वारी बागेत गोड खायला आली होती.

झाडाला पाय नाहीत, हे आपण शाळेत शिकतो आणि तिथेच सोडून देतो. पाय नाहीत म्हणून झाड फळ करतं. गर ही मजुरी आहे. बी दूर नेऊन टाकण्याची मजुरी. ती आगाऊ द्यावी लागते आणि हमाल पळून जाऊ नये म्हणून बी गराच्या आत, अगदी मधोमध ठेवलेली असते, की मजुरी घ्यायची तर ओझं उचलावंच लागेल. बी तयार नसते तोवर फळ हिरवं, आंबट, तुरट. कुणी हात लावू नये. बी पक्की झाली की रंग बदलतो, वास सुटतो, साखर उतरते. लाल, काळं, जांभळं होणं म्हणजे उघड उघड हाकाटी आहे, आणि ती आपल्यासाठी नाही. आपण फार उशिरा आलो या बाजारात. ज्यांच्यासाठी ती हाक होती ते पक्षी, वटवाघळं, माकडं, ते आधीपासून ठरलेल्या दराने काम करत होते.

आणि मग आमची थॉमसन, बिनबियांची.

थॉमसनच्या मण्यात बी धरते, पण कोवळी असतानाच खुंटते. खाताना जिभेला जी एखादी मऊ कणी लागते ती तिचीच खूण. इथे एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. बी वाढत असताना तिच्यातून जे संप्रेरक सुटतं, त्याने मणी फुगतो. म्हणजे फळाला मोठं व्हायला बीच सांगत असते. बी नाही तर सांगणारं कुणी नाही, मणी बारीकच राहणार. म्हणून आपण ते संप्रेरक बाहेरून देतो. जिब्रेलिक ॲसिड, बागेतलं नाव जीए. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बायका हातात द्रावणाचे मग घेऊन ओळीने पुढे सरकतात आणि एकेक घड त्यात बुडवतात. नसलेल्या बीचा निरोप मगातून. थॉमसनची वेल बीपासून येतच नाही, काडीपासून येते, कलमापासून येते. खाली जमिनीत खुंट असतो डॉगरिजचा, तो मूळचा टेक्सासमधल्या रानवेलीच्या कुळातला. क्षार सोसतो, पाण्याचा ताण सोसतो म्हणून आणलेला. म्हणजे निफाडच्या काळ्या मातीत मुळं आहेत एका अमेरिकन रानटी द्राक्षाची, ज्याच्या बिया तिकडे पाखरं वाहतात, आणि वर बांधलंय एक असं फळ ज्याला पाखरांकडून काहीही नको आहे.

तेव्हा चोर कोण हे ठरतं. मजुरीच्या पाकिटातून ओझंच काढून टाकलं, तर पाकीट उचलणारा हमाल राहत नाही. बुलबुल तेच करतोय जे त्याचे पूर्वज करत आले: रंग दिसला, साखर लागली, खाल्लं. त्याच्या बाजूने व्यवहार तसाच आहे. आपण आपल्या बाजूचा कागद फाडला आणि त्याला कळवलं नाही. मामांचं वाक्य मला टोचत होतं ते इथे. फळ खाणारा पक्षी म्हणजे नुकसान, हे निफाडच्या मांडवाखाली शंभर टक्के खरं आहे. पण ते आपण खरं करून घेतलंय, आणि मग तेवढ्यावरून सगळ्या पक्ष्यांबद्दल मत बनवलंय.

आजी सांगायची, तिच्या माहेरी भोकरी होती. नाशिकची जुनी द्राक्षं ती, भोकरी आणि फकडी. सालीला जाड, बियांची, पण वासाची. अंगणात बसून द्राक्षं खायची म्हणजे बिया थुंकायची शर्यत. तिला थॉमसन कधी मनापासून आवडली नाही. "नुसतं गोड पाणी," म्हणायची, आणि तरी वाटीभर संपवायची, कारण तिच्या कवळीला तीच सोयीची होती. मी स्वतः बियांची द्राक्षं विकत घेत नाही. डब्यात मुलीला बियांची दिली तर ती तशीच परत येतात. म्हणजे जाळी मामांनी लावली असली तरी तिची मागणी माझ्याच घरून गेलेली आहे.

बागेत एक गोष्ट मी लहानपणापासून बघत आले, तिचा अर्थ या वेळी लागला. बागेच्या कडेच्या ओळीत, बरोबर तारेखाली, दर पावसाळ्यानंतर रोपं उगवतात. कडुनिंबाची जास्त, मधूनच घाणेरी, एखादं चंदन, कधी उंबर. आणि ती उगवतात सरळ रेषेत, दोरी लावून पेरल्यासारखी. खुरपणाऱ्या बायका ती उपटतात, राहिली तर मामा तणनाशक मारतात, आणि पुढच्या वर्षी रेष पुन्हा तिथेच. बुलबुल नि कोकीळ निंबोळ्या खाऊन तारेवर बसतात, त्यांची ही लिखापढी. मामांच्या बांधावर जेवढी मोठी झाडं आहेत, कडुनिंब, जांभूळ, उंबर, त्यातलं एकही कुणी लावलेलं नाही. पणजोबांनी फक्त उपटलं नाही. विहिरीवरचा उंबर तर विहिरीच्या चिऱ्यातून आला. जुन्या नाशकात, सरकारवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत, पडक्या वाड्यांच्या तिसऱ्या मजल्यावर भिंतीतून जे पिंपळ बाहेर आलेले दिसतात, ते तिथे चढून कुणी लावले?

आता त्या शिंगवाल्याकडे येते. त्याच्या डोंगरांवर मी गेलेले नाही, जाणंही होणार नाही बहुधा. पण ढगातलं जंगल म्हणजे काय याची थोडीशी ओळख नाशिककराला असते, फक्त ती चार महिन्यांची असते. श्रावणात अंजनेरीच्या पठारावर चढताना ढग पोटातून जातो. पाऊस थांबलेला असतो, उघड्यावर उभं राहिलं तर अंग कोरडं. आणि एखाद्या झाडाखाली गेलं की टप टप टप, तिथे पाऊस चालूच. वारा ढग ढकलतो, पानं, फांद्यांवरचं शेवाळ, लोंबणारे धागे ते धुकं अडवतात, बारीक थेंब एकमेकांत मिसळतात आणि खाली पडतात. झाड नसतं तर तो ढग कोरडाच पुढे गेला असता. ग्वानच्या मुलखात, मेक्सिकोच्या चियापास राज्यातल्या सिएरा माद्रे डोंगरांत, हे जवळजवळ वर्षभर चालतं. एल त्रिउन्फो म्हणून राखीव क्षेत्र आहे तिथे, १९९० साली जाहीर झालेलं, १ लाख १९ हजार हेक्टरांचं. त्यातला कडक संरक्षणाचा गाभा पाच तुकड्यांत, मिळून २५ हजार हेक्टरांच्या जरा वर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. ग्वानचं बरंचसं घर त्याच्याही वर, पार ३३०० मीटरांपर्यंत. फांद्यांवर शेवाळाची गादी, गादीवर ऑर्किड, नेचे, ब्रोमेलिया. सगळ्या मेक्सिकोच्या जमिनीत असलं जंगल एक टक्काही नाही, पण तिथल्या वनस्पतींच्या जातींपैकी दहावा हिस्सा त्यात मावलाय. तिथून झिरपणारं पाणी खाली नद्यांना, धरणांना, विजेला. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

तर त्या धुक्यात हा पक्षी फांदीवरून चालतो. जमिनीवर क्वचितच उतरतो, घरटंही उंच, झाडावरच्या त्या वनस्पतींच्या गर्दीत. नर चोच मिटून अतिशय खोल हुंकार काढतो, इतक्या खालच्या पट्टीत की कुठून येतोय ते ठरवता येत नाही. मादी अंडी घालते दोन. फक्त दोन. पाच आठवडे तीच उबवते, नराचा त्यात हातभार नाही. पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याला शिंग नसतं. खाणं म्हणजे झाडांची कोवळी पानं आणि फळं, आख्खी गिळलेली. मग हा दोन किलोंचा धांदरट गृहस्थ उडत, चालत दुसऱ्या उतारावर जातो आणि बी तिथे टाकतो. मिगेल आल्वारेस देल तोरो नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने या पक्ष्यामागे आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली, एल त्रिउन्फो वाचावं म्हणून खटपट केली. चियापासमधल्या तुस्त्ला गुतिएरेस शहराचं प्राणिसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने आहे, आणि तिथे ग्वान पाळले, वाढवलेही गेले. पिंजऱ्यात पक्षी वाचतो हे खरंच. पण पिंजऱ्यात तो फक्त पक्षी असतो, त्याची नोकरी गेलेली असते.

नोकरी गेली तर काय होतं, हे दुसऱ्या एका जंगलात मोजलं गेलंय. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलात जुसारा नावाचं ताडाच्या कुळातलं झाड आहे. त्याची फळं टूकानसारखे रुंद चोचीचे मोठे पक्षी गिळतात. जिथे हे मोठे पक्षी शिकारीने आणि जंगलतोडीने संपले, तिथे झाडांच्या बिया लहान होत गेल्यात, असं मौरो गालेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं. कारण सरळ आहे: मोठी बी गिळेल असा घसाच उरला नाही, ती आईच्या सावलीत पडून कुजते, लहान बी छोटा पक्षी नेतो, म्हणून लहान बियांचीच झाडं पुढे येतात. आणि लहान बी लवकर सुकते. मी हे वाचलं त्या रात्री फ्रिजमधल्या द्राक्षांच्या वाटीकडे वेगळ्याच नजरेने बघितलं. बी संपवायला आपल्याला कलमं लागली, जीएचे मग लागले, बायकांचे हात लागले. जंगलात नुसते मोठे पक्षी वजा केले तरी बी त्याच दिशेला निघते.

ग्वान कशाने कमी झाला? बंदुकीने, मोठा, मांसल, माणसाला फारसा न बुजणारा पक्षी. आणि कुऱ्हाडीने. मक्याच्या शेतांसाठी, सरपणासाठी, आणि कॉफीसाठी डोंगर खालून वर साफ होत गेला. वरून ऊन वाढतंय तसा ढगांचा तळही वर सरकतो. मग ढगाच्या मागे जंगल वर जाणार, जंगलामागे पक्षी, आणि डोंगराला टोक असतं. एकेका डोंगरावर एकेक टोळकं अडकून पडलंय. कॉफीचं मात्र मला राहून राहून गमतीचं वाटतं. कॉफीचं फळही लाल, गोड, पाखरांना हाकारणारं. पण तिथला शेतकरी गर काढून टाकतो आणि बी विकतो. आपण जी पितो ती बी. इथे बी काढून टाकतो आणि गर विकतो. दोन्हीकडे पाखरू मध्ये नको. तिथल्या उतारांवर कितीतरी शेतकरी मोठी झाडं राखून त्यांच्या सावलीत कॉफी घेतात. पक्ष्यांना ती सावली उपयोगी पडते, पण सावलीतल्या कॉफीला भाव मिळाला नाही तर झाडं किती दिवस राहतील हा हिशोब मामा एका मिनिटात करून दाखवतील. व्यापारी तिथेही कप उन्हाकडे धरून तोंड वाकडं करत असणार.

हे सगळं डोक्यात घोळत असताना, एप्रिलमध्ये, आमच्या सोसायटीत उंबराचा विषय निघाला.

उंबर आमच्या कंपाउंडच्या भिंतीतूनच आलाय. बिल्डरने लावलेल्या शोभेच्या पामच्या रांगेत हा एकटा आगंतुक, आता दुसऱ्या मजल्याच्या वर गेलेला. वर्षातून कितीतरी वेळा खोडाला लगडतो. त्या काळात पहाटेपासून तांबट, कोकीळ, बुलबुल. मधूनच हरियल, आपला राज्यपक्षी, पानांत असा मिसळून बसतो की फळ खाली पडल्यावरच कळतो. एकदा राखी धनेशाची जोडीही आली होती. रात्री वटवाघळं. आणि सकाळी खाली उभ्या असलेल्या गाड्यांच्या टपावर, काचांवर रात्रीचा सगळा हिशोब, बियांसकट. पांढऱ्या गाड्यांवर जास्त उठून दिसतो. मीटिंगमध्ये फोटो दाखवले गेले. गाडी धुणाऱ्याचा महिन्याचा खर्च सांगितला गेला. पेंट खराब होतो, भिंतीला तडा जातोय, पोरं पडलेल्या फळांवरून घसरतात. यातलंही खोटं काही नव्हतं. तडा मी स्वतः बघितलाय, बोट जातं त्यात. महापालिकेची परवानगी लागेल, १९७५ चा कायदा आहे, असं कुणीतरी म्हणालं. परवानगी काढता येते, असं दुसरं कुणीतरी म्हणालं.

मी बोलले. बी, गर, मजुरी, ब्राझीलचा ताड, सगळं. लोकांनी ऐकून घेतलं, आपल्याकडे बाईमाणूस शिकलेलं असेल तर ऐकून घेतात. रात्री मी सोसायटीच्या ग्रुपवर ग्वानचा फोटोही टाकला, खाली चार ओळी लिहून. दोन अंगठे आले, एक जोडलेले हात, आणि एकाने विचारलं, हा पेशवे पार्कात आहे का.

निर्णय फिरला तो दुसऱ्याच कारणाने. सेक्रेटरींच्या आई, ऐंशीच्या घरातल्या, गुरुवारी खाली उतरतात आणि त्या उंबराला पाणी घालतात. हळदकुंकू वाहतात, एक उदबत्ती भिंतीच्या त्याच भेगेत खोचतात. तोडायचं म्हटल्याचं त्यांच्या कानावर गेलं. औदुंबर तोडतात का, दत्ताचं झाड ते, माझ्या देखत तोडलंत तर मी इथे राहणार नाही, एवढंच म्हणाल्या आणि जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी विषय संपला. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला, खरं सांगायचं तर. माझे सगळे मुद्दे एकीकडे आणि एक उदबत्ती एकीकडे. पण विचार केला तर आजींचं आणि झाडाचं जे चाललंय ते माझ्यापेक्षा जुन्या कराराला धरून आहे: तू आलास, तर मी उपटणार नाही. पणजोबांचंही तेच होतं. चियापासच्या डोंगरावरच्या झाडांना सेक्रेटरींच्या आई कुठून आणायच्या, हा प्रश्न मात्र राहतोच. शिवाय आजींचा दत्त उंबरापुरता आहे. तांबटासाठी किंवा वटवाघळांसाठी त्या उपाशी राहिल्या नसत्या. वटवाघळांना तर त्या स्वतः काठी दाखवतात.

भेगेचं काम सिमेंट भरून झालं. गाड्यांचा प्रश्न आहेच. त्यासाठी पार्किंगवर शेड टाकायचं ठरतंय, खर्च फ्लॅटमागे वाटून. पत्र्याची टाकायची की फायबरची, यावर दोन तट पडलेत. पत्र्यावर उंबरं पडली की रात्रभर आवाज होईल, असं तळमजल्याचं म्हणणं आहे. मी फायबरच्या बाजूने आहे.